मेथी गोळीत मावत नाही

लेखमाला : चयापचय आणि आपल्या वनस्पती (भाग ४)

रात्री वाटीभर पाण्यात चमचाभर मेथीदाणे भिजत घाला. सकाळी ते टपोरे फुगलेले दिसतील. त्यातला एक दाणा चिमटीत धरून चोळा, बोटांना बुळबुळीत, चिकट थर लागेल. आजचा लेख या थराबद्दल आहे. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये मेथीचा जो उपयोग होतो, त्याचा मोठा वाटा या थराचा आहे. आणि घरोघरी मेथी घेण्याच्या ज्या पद्धती रुळल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच पद्धतींत नेमका हाच थर हातचा जातो.

आधी थोडी उजळणी. मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नसून पाच खुणांचा मेळ आहे, हे आपण पहिल्या भागात पाहिलं. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. यांपैकी कोणत्याही तीन खुणा एकत्र दिसल्या, की मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट सोपी होते.

आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर भर का द्यायचा, हे पुण्यातल्या एका उदाहरणावरून फार चांगलं कळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगकाठी सडपातळ असूनही चरबी दुपटीहून जास्त! म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ असं म्हणणाऱ्यानेही हा लेख वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

आता मेथीकडे वळू. मेथीदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तंतूंचा असतो. त्यातला पाण्यात विरघळणारा मुख्य तंतू म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, बोटाला लागलेला तो बुळबुळीत थर. पोटात गेल्यावर तो पाणी धरून खळीसारखा दाट होतो. त्यामुळे जेवण जठरातून आतड्यात सावकाश उतरतं. पुढे आतड्यातही भाकरी-भातातली साखर या दाट लगद्यातून हळूहळू रक्तात जाते. जेवणानंतर साखर एकदम उसळी मारत नाही, आणि तिला आवरण्यासाठी स्वादुपिंडाला धावपळ कमी करावी लागते. हाच लगदा पित्ताम्लांनाही धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. गेलेलं पित्त भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. मेथीत ४-हायड्रॉक्सी-आयसोल्युसिन नावाचं एक अमिनो आम्लही असतं. साखर वाढलेली असताना ते इन्सुलिनच्या स्रावाला चालना देतं, असं प्राण्यांवरच्या आणि स्वादुपिंडाच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण माणसाच्या ताटातला भरवशाचा कामकरी म्हणजे तंतूच.

आणि तंतू कामाला यायचा तर तो पुरेसा हवा. किती पुरेसा, याचं उत्तर प्रामुख्याने भारतातल्याच संशोधनातून मिळालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना रोज तब्बल १०० ग्रॅम मेथीपूड दिली. तेल काढून घेतलेली ही पूड दोन वेळच्या जेवणात मिसळलेली असे. १९९० साली छापलेल्या या अभ्यासात लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखरही उतरली. रोज १०० ग्रॅम मेथी कुणाच्याही संसारात बसणार नाही. पण मेथीत ताकद आहे, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

संसारात बसेल असा आकडा पुढे मिळाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांना तीन वर्षं पाहिलं गेलं. एका गटाला रोज १० ग्रॅम मेथी दिली. जेवणाआधी ५ ग्रॅम, दिवसातून दोनदा. मेथी न घेणाऱ्या गटात मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट निघाली. अभ्यास लहान आहे, आणि त्यावरून मेथी घेतली की मधुमेह होणारच नाही असं म्हणता येत नाही. साखर, ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल यांच्या बाबतीत मेथीच्या बाजूने पुरावा आहे. रक्तदाब आणि कमरेचा घेर यांच्या बाबतीत तो फारच तोकडा आहे. पाचांपैकी दोन-तीन खुणांवर हात चालणारी ही वनस्पती आहे, एवढंच आज प्रामाणिकपणे सांगता येतं.

आता हे १० ग्रॅम स्वयंपाकघरात मोजू. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मेथीदाणे बसतात. म्हणजे दिवसाचे अडीच चमचे. फोडणीतले आठ-दहा दाणे स्वादाला छान, पण ती मात्रा नव्हे. सकाळी मेथीचं पाणी पिऊन दाणे कुंडीत टाकणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे, की तंतूंचा मोठा भाग त्या दाण्यांतच राहतो. पाणी प्या, पण दाणेही चावून खा. चावणं जड जात असेल तर दाण्यांची पूड करून ताकात किंवा कणकेत मिसळा. मोड आलेल्या मेथीची उसळ हा आणखी चवदार मार्ग. मोड आल्यावर कडूपणा उतरतो.

मेथीची भाजी मात्र वेगळी गोष्ट आहे. घोळाणा असो, पातळ भाजी असो की समुद्रमेथीची जुडी, पाला पौष्टिकच आहे आणि तो जरूर खावा. पण गॅलॅक्टोमॅनन बीमध्ये साठतो, पाल्यात नाही. ज्या अभ्यासांचे आकडे वर दिले ते दाण्यांचे आहेत. आणि थंडीतले मेथीचे लाडू? बाळंतिणीसाठी आणि अंगमेहनत करणाऱ्यांसाठी आपल्या आज्यांनी ते योजले. गूळ, तूप, खोबरं, डिंक यांची जोड मिळाली की बैठं काम करणाऱ्या, साखर वाढलेल्या माणसासाठी मेथीचा फायदा त्या गुळाखाली बुडतो. मेथांब्याचंही तेच.

म्हणूनच मी म्हणतो, मेथी गोळीत मावत नाही. ५०० मिलिग्रॅम मेथीपूड भरलेली कॅप्सूल घेतली तर १० ग्रॅमसाठी दिवसाला २० कॅप्सूल लागतील. मेथीच्याच शेंगकुळातली गॅलेगा ही युरोपीय वनस्पती पाहा. तिच्यातल्या एका रसायनाचा माग काढत माणूस मेटफॉर्मिनपर्यंत पोहोचला, आणि १९५७ साली पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. गॅलेगाचं मर्म एका रेणूत होतं, म्हणून त्याची गोळी झाली. मेथीचं मर्म मुख्यतः तिच्या तंतूत आहे, आणि तंतू अन्नासारखाच, अन्नाच्या मापाने खावा लागतो. गोळीचं काम गोळीने करावं, मेथीचं मेथीने. मेथी सुरू केली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणीही बंद करू नये.

काही जणांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवातच करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं चालू असतील तर साखर नको इतकी खाली येऊ शकते. घाम सुटणं, हातपाय थरथरणं ही त्याची लक्षणं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी मोठी मात्रा टाळावी. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर मेथीचीही असू शकते. इतरांनी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत मात्रा वाढवावी, नाहीतर पोट फुगतं, जुलाब होतात. सोबत भरपूर पाणी प्यावं. हा लगदा औषधंही अडवून धरू शकतो, म्हणून गोळ्या आणि मेथी यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं. घामाला वेगळा गोडसर वास आला तर घाबरू नये, तो मेथीचाच.

या आठवड्यात एक काम करा. एका वहीत आजची तारीख, कमरेचा घेर, रक्तदाब आणि शेवटच्या रक्ततपासणीतले आकडे लिहा. त्याखाली रोज किती चमचे मेथी घेतली ते मांडा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी आत्ता आणि तीन महिन्यांनी करून घ्या. मेथीने तुमच्या शरीरात काय केलं, याचं उत्तर शेजाऱ्याच्या अनुभवापेक्षा आणि माझ्या लेखापेक्षा ती वही जास्त खरं देईल.

पुढच्या भागात : दारुहळद आणि तिच्यातलं पिवळंधमक बर्बेरिन.