उरलेल्या हातांचा हिशेब

ओमाहा हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचे, मिझुरी नदीच्या काठावरचे शहर. रेल्वे, विमा कंपन्या आणि गुरांचा बाजार यांवर वाढलेले. २०१९ ते २०२३ अशी चार वर्षे मी तिथे नोकरीनिमित्त होतो. वर्षाचे साडेअकरा महिने या शहराकडे बाहेरचे कोणी फारसे वळून पाहत नाही. जूनच्या मध्यावर मात्र चित्र पालटते. देशभरातल्या विद्यापीठांच्या बेसबॉल संघांपैकी शेवटचे आठ संघ इथे येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे हजारो चाहते. या स्पर्धेला ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ म्हणतात. नावात ‘वर्ल्ड’ असले तरी जगाचा तिच्याशी काही संबंध नाही; अमेरिकी माणसाला त्याचे आश्चर्यही वाटत नाही. १९४७ साली मिशिगनमधल्या कालामझू इथे ती सुरू झाली. पहिल्या अंतिम लढतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाने येलला हरवले. येलच्या संघात पहिल्या बेसवर उभा असलेला तरुण म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश. १९५० पासून स्पर्धा ओमाहात आली ती कायमची. २०११ पासून ती गावातल्या नव्या, चोवीस हजार आसनांच्या मैदानावर होते.

येणारे चाहते बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांतले. मिसिसिपी, लुइझियाना, आर्कान्सा, टेनेसी. हजाराहून अधिक किलोमीटर गाडी हाकत येतात. मैदानासमोरच्या एका बारमध्ये कोणत्या विद्यापीठाच्या चाहत्यांनी किती जेलीमिश्रित मद्याचे प्याले रिचवले, याचा फळ्यावर रोज हिशेब लिहितात. २०२३ मध्ये लुइझियाना स्टेटचा आकडा ६८,८८८ वर गेला. आपल्याकडे कॉलेजच्या नावाने घसा फोडणारी गर्दी पाहायची तर पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला जावे लागते. ‘आव्वाज कुणाचा’ ज्याने भरत नाट्य मंदिरात ऐकलाय, त्याला ओमाहातला ज्वर समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच, की पुरुषोत्तमला ओरडणारी मुले विशी-बाविशीची असतात आणि ओमाहात ओरडणाऱ्यांत सत्तरीचे आजोबाही असतात. पन्नास वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेला माणूस ‘आमचा शॉर्टस्टॉप’ म्हणतो तेव्हा त्या ‘आमचा’मध्ये खरोखरीची मालकी असते.

मला कुतूहल होते ते या लोकांच्या बोलण्याचे. आपल्या संघाला करंडक मिळेल की नाही, याची चर्चा ते कशी करतात? फलंदाजांवर बोलतील, फॉर्मवर, नशिबावर, असे मला वाटत होते. तेही असतेच. पण दोन-तीन मोसम स्वस्तातल्या बाकांवर बसून ऐकल्यावर लक्षात आले, की खरी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: सोमवारी चेंडू कोण टाकणार? आणि पिचरला ते पिचर म्हणत नाहीत, ‘आर्म’ म्हणतात, म्हणजे हात. आपल्याकडे किती हात उरलेत, त्यांच्याकडे किती, कोणाचा हात ताजा आहे, कोणाचा परवाच वापरला गेलाय. शेतमजूर मोजावेत तसे हे हात मोजतात.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे चटकन उमगत नाही. आपला गोलंदाज आज दहा षटके टाकतो आणि परवा पुन्हा टाकतो. पण क्रिकेटमधला चेंडू कोपर न झटकता, धावत येऊन, सगळ्या शरीराच्या वेगातून टाकला जातो. बेसबॉलचा पिचर जागेवर उभा राहून, कोपर वाकवून, चाबूक फटकारावा तसा चेंडू फेकतो. ताशी दीडशे किलोमीटरचा वेग त्या एका फटकाऱ्यातून येतो आणि त्याचा बराच ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर पडतो. म्हणून एका सामन्यात शंभरेक चेंडू टाकले, की मुख्य पिचरला चार-पाच दिवस विश्रांती लागते. कॉलेजच्या नेहमीच्या मोसमात हे गणित सोपे असते. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने, तीन पिचर, पुढच्या शुक्रवारी पुन्हा पहिला. स्पर्धा सुरू झाली की ही घडी विस्कटते.

त्यासाठी स्पर्धेची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. चौसष्ट संघ निवडले जातात. त्यांचे सोळा गट. प्रत्येक गटात चार संघ आणि दोनदा हरलात की घरी. गट जिंकणाऱ्या सोळांच्या जोड्या लावतात आणि तीनपैकी दोन सामने जिंकणारा ओमाहाला येतो. इथे आठ संघांचे पुन्हा दोन गट, पुन्हा दोन पराभवांचा नियम. त्यातून उरलेल्या दोघांत अंतिम मालिका, तीनपैकी दोन. शेवटची ही मालिका २००३ पासूनची. त्याआधी एकाच सामन्यात निकाल लागे.

मी एका रात्री कागदावर याचा हिशेब करून पाहिला. समजा एखादा संघ इतका चांगला आहे, की कोणाशीही खेळला तरी दहापैकी सहा सामने जिंकेल. तीन सामन्यांची मालिका तो जिंकण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के. चार संघांचा, दोन पराभवांचा गट जिंकण्याची सुमारे ४१ टक्के. असे दोन गट आणि अशा दोन मालिका ओलांडायच्या, तर करंडक हाती येण्याची शक्यता उरते सात टक्के. संघ दहापैकी सात सामने जिंकणारा असला, तरी ती एकवीस टक्क्यांपर्यंतच जाते. आणि यात प्रत्येक सामन्याला तितकाच ताजा पिचर मिळेल असे धरले आहे, जे कधीच घडत नाही.

त्यामुळे अव्वल मानांकित संघावर ‘शाप’ असल्याची जी चर्चा तिकडे वर्षानुवर्षे चालली, तिच्यात मला फारसा दम वाटत नाही. १९९९ मध्ये मायामीने पहिल्या मानांकनासह करंडक जिंकला, त्यानंतर तसे घडले ते थेट २०२४ मध्ये, टेनेसीच्या रूपाने. मधल्या तेवीस स्पर्धांत (२०२० ची साथीमुळे झालीच नाही) एकही अव्वल संघ टिकला नाही. उलट २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट हा आपल्या चार संघांच्या गटातही चौथा मानला गेलेला संघ जिंकून गेला. २०२२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठ, ज्याला सारे ‘ओल मिस’ म्हणतात, चौसष्टांत सर्वांत शेवटी घेतले गेले आणि अंतिम मालिकेत ओक्लाहोमाला सलग दोन सामन्यांत हरवून मोकळे झाले.

२०२३ च्या अंतिम मालिकेतले आकडे तर कोणाला खोटे वाटावेत. लुइझियाना स्टेटने पहिला सामना ४-३ जिंकला. दुसऱ्यात फ्लोरिडाने त्यांना २४-४ असे धुऊन काढले. दुसऱ्या दिवशी लुइझियानाने त्याच फ्लोरिडाला १८-४ ने हरवून करंडक उचलला. रात्रीत कोणाचे कौशल्य आटत नाही. आटले होते ते हात. वीस रनांनी हरलेल्या सामन्यात प्रशिक्षक आपले चांगले पिचर खर्ची घालत नाही, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. जाणते चाहते म्हणूनच मोठ्या पराभवाने खचत नाहीत. दहाव्या-अकराव्या इनिंगपर्यंत ताणलेला विजय त्यांना जास्त धास्तावतो.

पण या हिशेबाचा सर्वांत चोख नमुना मी पाहिला तो २०२१ चा, मिसिसिपी स्टेटचा. स्टार्कव्हिल हे पंचवीसेक हजार वस्तीचे गाव, त्यातले हे विद्यापीठ. बेसबॉलवर तिथे इतका जीव, की १९६०च्या दशकात विद्यार्थी मैदानाच्या डाव्या कुंपणामागे ट्रक उभे करून, टपावर बसून, मांस भाजत सामने पाहू लागले. आज ती जागाच ‘लेफ्ट फील्ड लाउंज’ म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र १८७८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला कोणत्याही सांघिक खेळात राष्ट्रीय विजेतेपद मिळालेले नव्हते. १९८५ मध्ये विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो एकाच संघात असूनही नाही. २०१३ मध्ये अंतिम मालिकेत येऊन हरले. त्यामुळे त्यांच्या चाहत्यांच्या बोलण्यात आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा सूर असतो: आभाळ भरून आलेय, पण पडेल तेव्हा खरे.

समोर व्हँडरबिल्ट. श्रीमंत, खासगी विद्यापीठ, २०१९ चे विजेते. त्यांच्याकडे जॅक लायटर आणि कुमार रॉकर असे दोन पिचर. रॉकरचे नाव वाचून मराठी वाचक थबकेल, मीही थबकलो होतो. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने ड्यूकविरुद्ध १९ फलंदाज स्ट्राइकआउट करत एकही हिट न देता सामना जिंकला होता.

त्यातच एक विचित्र प्रकार घडला. व्हँडरबिल्ट आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट यांचा २६ जूनचा निर्णायक सामना व्हायचा होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या संघात कोरोनाची लागण आढळली आणि मध्यरात्री सामना रद्द झाला. व्हँडरबिल्ट न खेळताच अंतिम मालिकेत. माझ्या आसपासचे मिसिसिपीवाले चिडले होते ते न्याय-अन्यायापेक्षा हातांवरून. आपल्याला त्याच दिवशी टेक्सासशी झुंजावे लागले, विल बेडनारला चेंडू टाकावे लागले. त्यांचे सगळे हात मात्र फुकटात वाचले. लायटर ताजातवाना होऊन पहिल्या सामन्याला आला. व्हँडरबिल्टने पहिल्याच इनिंगमध्ये सात रन केले आणि ८-२ असा विजय मिळवला.

दुसरा सामना मिसिसिपीने १३-२ जिंकला. त्या रात्री स्टेडियमबाहेर जी चर्चा चालली, तिच्यात तेरा रनांचा आनंद होता, पण त्याहून मोठा आनंद असा, की सामना एकतर्फी झाल्याने लँडन सिम्स या राखीव पिचरला बाहेर काढावेच लागले नाही. माझ्याशेजारी उभा असलेला एक निवृत्त शिक्षक बोटांवर मोजत होता: बेडनार तीन दिवसांच्या विश्रांतीवर, रॉकर चार दिवसांच्या. बेडनारने सहा इनिंग काढल्या तर सिम्स तीन काढेल. सहा आणि तीन नऊ. संपले.

३० जूनला अगदी तसेच झाले. बेडनारने सहा इनिंग टाकल्या, एकही हिट दिला नाही. सिम्सने उरलेल्या तीन टाकल्या, एक हिट दिला. रॉकरला पाचव्या इनिंगमध्येच बाहेर काढावे लागले. ९-०. मोठी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि त्यात मला काहीही हास्यास्पद वाटले नाही.

अस्वस्थता नंतर आली. त्या शिक्षकाच्या बोटांवर जे मोजले जात होते, ते कोणाचे तरी कोपर होते, वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचे. आणि त्या मुलाला त्याचे पैसे मिळत नव्हते. कॉलेज बेसबॉलच्या अख्ख्या संघासाठी तेव्हा ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. तीसहून अधिक मुलांत त्या वाटायच्या. म्हणजे बहुतेकांच्या घरून फी भरली जात होती. खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा देशभर मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. बेडनार आणि रॉकर यांचा तो सामना आदल्या रात्री झाला.

प्रशिक्षकाला करंडक आज हवा असतो; मुलाचे हात पुढची पंधरा वर्षे पुरायला हवे असतात. २००९ मध्ये टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांच्यातला सामना पंचवीस इनिंग चालला. त्यात टेक्सासच्या ऑस्टिन वुडने तेरा इनिंगमध्ये १६९ चेंडू टाकले, आणि आदल्या दिवशीही तो खेळला होता. तिकडच्या आठवणींत हा सामना शौर्यगाथा म्हणून सांगितला जातो. मला तो ऐकताना अंगावर काटा येतो, पण कौतुकाने नव्हे. कोपराचा तो अस्थिबंध तुटला, तर शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध काढून तिथे शिवतात. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती शस्त्रक्रिया प्रथम झाली, म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जाते. परतायला वर्ष-दीड वर्ष लागते.

चाहते हे जाणत नाहीत असे मुळीच नाही. २०२३ मध्ये लुइझियानाच्या पॉल स्कीन्सने २२ जूनला आठ इनिंगमध्ये १२० चेंडू टाकले. अंतिम मालिकेचा तिसरा सामना २६ तारखेला. चार दिवस माझ्याभोवती एकच वाद: त्याला सोमवारी उतरवावे का? काहींचे म्हणणे, एक-दोन इनिंग टाकेल, मग आहेच सुट्टी. एक बाई मात्र ठामपणे म्हणाल्या, की त्याची आई मी असते तर त्याचा गणवेशच लपवून ठेवला असता. प्रशिक्षकाने त्याला उतरवले नाही, लुइझियाना त्याच्याशिवाय जिंकले, आणि पुढच्याच महिन्यात व्यावसायिक संघांच्या निवडीत स्कीन्स पहिला आला, ९२ लाख डॉलरच्या करारावर.

कुमार रॉकरचे तसे झाले नाही. २०२१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. साठ लाख डॉलर ठरल्याच्या बातम्या आल्या. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि मेट्सने करारच केला नाही. त्याच्या हाताचे नेमके काय झाले होते, ते कोणत्या सामन्यात झाले, की एका सामन्यात असे काही होतच नसते, यावर मिसिसिपी आणि टेनेसीकडचे लोक अजून हुज्जत घालतात. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. २०२३ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानावर चेंडू टाकायला उभा राहिला, ओमाहातल्या त्या रात्रीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने.