मुलांच्या मदतीला किंमत लावू नका

दुसऱ्याला मदत करणे मुलांना शिकवावे लागते, असा बहुतेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात ही ऊर्मी मुलांमध्ये फार लवकर दिसते. ती कोमेजू न देणे, हेच पालकांचे खरे काम आहे.

जर्मनीतील लाइपझिग येथील फेलिक्स वॉर्नेकेन व मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या २४ मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कपडे वाळत घालताना संशोधकाच्या हातून चिमटा पडे आणि तो त्याला उचलता येत नसे. कधी हातांत गठ्ठा असल्याने कपाटाचे दार उघडता येत नसे. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. त्यांना कोणतेही आमिष दाखवलेले नव्हते. चिमटा मुद्दाम फेकला, तर मात्र मुले सहसा उचलत नसत. म्हणजे समोरच्याची अडचण त्यांना कळत होती.

२००८ मधील दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळण्याची वस्तू दिली गेली. बक्षीस थांबताच या मुलांची मदत कमी झाली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते, त्यांचा उत्साह मात्र टिकून राहिला.

शहरी घरांत ही ऊर्मी दोन प्रकारे विझते. 'मध्ये लुडबुड नको, अभ्यासाला बस' हा पहिला प्रकार आणि 'एवढे केलेस तर चॉकलेट देईन' हा दुसरा. पहिल्यातून आपली गरज नाही, असे मुलाला वाटते. दुसऱ्यातून मदत हा सौदा ठरतो.

यावर उपाय साधे आहेत. मटार सोलणे, जेवणाची ताटे मांडणे, आजोबांचा चष्मा शोधून देणे, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला पाणी देणे, आजारी मित्राला वर्गातील अभ्यास कळवणे, अशी रोजची कामे मुलांना करू द्यावीत. ती सावकाश होतील, थोडे सांडेलही. पण मुलाने केलेले काम त्याच्यादेखत पुन्हा करू नये. बक्षिसाऐवजी परिणाम सांगावा. 'तू चष्मा शोधलास म्हणून आजोबांना पेपर वाचता आला', हे वाक्य पुरेसे असते. कामांची वाटणी करताना मुलगा-मुलगी भेद नसावा. बहीण ताटे उचलते आणि भाऊ टीव्ही पाहतो, अशा घरात मदतीचा संस्कार अर्धाच राहतो.

मात्र मदतीची मर्यादाही सांगायला हवी. अनोळखी व्यक्तीने मदत मागितली, तर एकट्याने सोबत न जाता मोठ्यांना बोलवावे; कारण मोठ्यांना बोलावणे हीदेखील मदतच असते.

शेवटी मुले उपदेशापेक्षा घरातील वागणे टिपतात. जिन्यात जड पिशव्या घेऊन थांबलेल्या शेजाऱ्याला ओलांडून पुढे जाणारे पालक आपल्या मुलांकडून वेगळ्या वर्तनाची अपेक्षा कशी करणार?