रंग एक्सप्रेसचा, काम मालगाडीचं

मार्च २०२० मध्ये लंडन–नॉर्विच मार्गावरच्या ‘ग्रेटर अँग्लिया’ कंपनीच्या ‘क्लास ९०’ जातीच्या विजेच्या इंजिनांनी प्रवासी सेवेचा निरोप घेतला. नव्या गाड्यांना वेगळं इंजिन लागतच नव्हतं. तीस वर्षांची ही इंजिनं मात्र ठणठणीत होती, पाच हजार अश्वशक्ती शाबूत होती. त्यातली तेरा ‘फ्रेटलायनर’ या मालवाहतूक कंपनीने घेतली. नवा रंग चढेपर्यंत काही इंजिनं प्रवासी कंपनीच्या पांढऱ्या रंगातच कंटेनर ओढू लागली. फेलिक्स्टो बंदराच्या फाट्यावर विजेच्या तारा नाहीत. तिथून डिझेल इंजिन गाडी इप्सविचला आणतं आणि पुढे विजेचं इंजिन जोडलं जातं. काल नॉर्विचचे प्रवासी नेणारं इंजिन त्याच रुळांवर आज कंटेनर नेत होतं.

असं दृश्य ब्रिटनमध्ये नवं नाही. तिथे इंजिनाचा रंग मुळात हिशेबाचा रंग आहे. एकसंध ‘ब्रिटिश रेल’ची १९८२ पासून विभागणी सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या ‘इंटरसिटी’कडे, लंडनभोवतालच्या गाड्या १९८६ पासून ‘नेटवर्क साउथईस्ट’कडे आणि माल ‘रेलफ्रेट’कडे गेला. कोणती गाडी कमावते आणि कोणती गमावते, हे प्रत्येक विभागाने सांगायचं, हा त्यामागचा हेतू. तो रास्तच होता. जमाखर्च वेगळा झाला तशी इंजिनं वाटली गेली आणि त्यांचे रंगही वेगळे झाले. नेटवर्क साउथईस्टने लाल, पांढरे, निळे पट्टे घेतले. मालाच्या इंजिनांना १९८७ मध्ये राखाडीच्या तीन छटा मिळाल्या आणि त्यावर कोळसा, तेल, पोलाद, बांधकाम अशा प्रत्येक मालाचं स्वतंत्र चिन्ह आलं.

कामाने मात्र ही वाटणी पूर्णपणे कधीच पाळली नाही. मुंबईकराला रविवारचा मेगाब्लॉक सांगायला नको. ब्रिटनमध्येही रुळांची मोठी कामं शनिवारच्या रात्रीपासून रविवारपर्यंत चालतात. प्रवासी गाड्या कमी असतात, त्याच वेळी खडी, रूळ आणि स्लीपर घेऊन जाणाऱ्या गाड्यांना इंजिनं लागतात. एक्सप्रेसचं इंजिन शेडमध्ये उभं असेल, तर तेच नेणं शहाणपणाचं ठरतं. म्हणूनच डार्टमूरच्या कडेला असलेल्या मेल्डनच्या खाणीतली खडी नेटवर्क साउथईस्टच्या तिरंगी पट्ट्यांतली क्लास ५० इंजिनं ओढताना दिसत. युद्धनौकांची नावं मिरवणारी, ताशी शंभर मैल धावण्यासाठी बांधलेली ही इंजिनं तिथे वाघिणींपुढे लागत.

या कामासाठी सर्वांत चपखल यंत्र म्हणजे क्लास ७३. लंडनच्या दक्षिणेला वीज वरच्या तारेतून मिळत नाही, रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते. रुळांचं काम करायचं तर आधी ती बंद करावी लागते आणि मग विजेचं इंजिन जागेवरच अडकतं. १९६२ पासून बांधल्या गेलेल्या क्लास ७३ मध्ये यावर उत्तर होतं. विजेवर सोळाशे अश्वशक्ती आणि वीज नसेल तिथे पोटातल्या डिझेलवर सहाशे. १९८४ मध्ये विमानतळाची ‘गॅटविक एक्सप्रेस’ सुरू झाली तेव्हा याच जातीची इंजिनं तिला लागली आणि त्यांच्यावर इंटरसिटीचा रंग चढला. पण वीज बंद केलेल्या पट्ट्यात सावकाश सरकत खडी पसरवून घेणं, हे मूळ कौशल्य त्या रंगाने झाकलं गेलं नाही. आजही या जातीची इंजिनं अशा कामावर आहेत.

अर्थात, कोणतंही इंजिन कोणत्याही गाडीला चालतं असं नाही. वेगासाठी एक गिअर लागतो, ओढीसाठी दुसरा. नागपूरच्या अजनी शेडमधली डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ही इंजिनं एकाच घराण्यातली, पण गिअरच्या फरकामुळे पहिलं प्रवाशांकडे गेलं, दुसरं मालाकडे. ब्रिटिश रेलने १९८७ मध्ये हाच बदल करून पाहिला. क्लास ५० मधल्या ‘डिफायन्स’चा गिअर बदलला, अंगावर रेलफ्रेटचा राखाडी रंग चढवला आणि कॉर्नवॉलच्या चिनी मातीच्या गाड्यांवर त्याला पाठवलं. प्रयोग पुढे सरकला नाही आणि दोन वर्षांत इंजिन मूळ रूपात परत आलं.

क्लास ९० ची कथा याच्या उलट आहे. ताशी ११० मैल धावणारी ही पन्नास इंजिनं प्रवासी आणि माल अशा दोन्ही कामांसाठीच बांधली होती. १९९१ मध्ये त्यातली निम्मी केवळ मालासाठी राखली गेली. डब्यांना वीज देण्याची त्यांची सोय बंद केली आणि वेगाला ७५ मैलांची मर्यादा घातली. पुढे गरज पडली तेव्हा त्यातल्या अनेक इंजिनांना पुन्हा मूळ क्षमता द्यावी लागली. हिशेबाच्या वहीसाठी यंत्राचे हात बांधले तर ते कधीतरी सोडावेच लागतात.

आजचं उदाहरण क्लास ६८ चं. ३,८०० अश्वशक्तीचं हे डिझेल इंजिन स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला बांधलेलं. ‘ट्रान्सपेनाइन एक्सप्रेस’ या प्रवासी कंपनीने २०१९ पासून ते स्कारबरोच्या गाड्यांना लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये हा वापर थांबला आणि इंजिनं ‘डायरेक्ट रेल सर्व्हिसेस’कडे परतली. अणुवीज केंद्रांतलं वापरलेलं इंधन सेलाफिल्डला नेणं हे या कंपनीचं मूळ काम. त्यामुळे प्रवासी कंपनीच्या निळ्या-जांभळ्या रंगातली इंजिनं सुमारे पन्नास टनांच्या जाड पोलादी पेट्यांपुढे दिसू लागली. हे काम त्यांना झेपतं, कारण गाडी लहान असते. हजारो टन दगडाची गाडी जागची हलवायला मात्र सहा आसांचं, १२७ टनी क्लास ६६ च बरं. चार आसांचं, ८५ टनी क्लास ६८ तिथे लवकर घसरतं.

छायाचित्रकारांना अशी बेमेळ जोडी आवडते, पण तिचं मोल चित्रापुरतं नाही. इंजिन बांधायला प्रचंड पैसा लागतो आणि ते तीस-चाळीस वर्षं सहज टिकतं. तेवढ्या काळात कंपन्या, करार, रंग बदलत राहतात. एका कामासाठीच जखडलेलं इंजिन ते काम संपलं की भंगारात जातं, दोन कामं जमणारं दुसऱ्या दिवशी नव्या गाडीला लागतं. पण यंत्राची तयारी पुरेशी नसते, धोरणही तयार हवं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विजेचे दर दुपटीहून अधिक झाले तेव्हा फ्रेटलायनरला आपली क्लास ९० इंजिनं काही काळ उभी करून तारांखालूनच डिझेल चालवावं लागलं. प्रदूषण कमी करण्याची भाषा करणाऱ्या देशाला हे शोभणारं नव्हतं. प्रवासी सेवेतून मोकळी झालेली विजेची सशक्त इंजिनं मालगाड्यांना मिळत राहावीत आणि त्यांना परवडणारी वीजही मिळावी. नवा रंग चढेपर्यंत थांबण्याची गरज नाही.