वैद्याची जबाबदारी आणि रोग्याचे गुपित

नेरळसारख्या गावात कोणाकडे पाहुणे आले हे जितक्या लवकर कळते, तितक्याच लवकर कोण कोणत्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेला हेही कळते. पडद्याआड डॉक्टर विचारतात आणि बाहेर बाकावरची मंडळी ऐकतात. मुलीला लहानपणी फेफरे येत असे, एवढे एक वाक्य जुळत आलेले लग्न मोडावयास पुरेसे होते. म्हणून डॉक्टर रोग्याचे काय देणे लागतो, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हे देणे दुहेरी आहे : उपचारातील दक्षता आणि गुपिताची राखण.

प्रथम दक्षतेविषयी. 6 मे 1953 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. मुलाला सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून पुण्यास नेण्यात आले आणि 9 मेच्या रात्री तो दगावला. पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड बसविल्यामुळे त्याला धक्का बसला, असे न्यायालयांना आढळले. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व 1968 साली निकालात निघाला. भरपाई तीन हजार रुपयांची. परंतु त्यातून निघालेले तत्त्व मोलाचे आहे. रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने वाजवी कौशल्य व काळजी दाखविलीच पाहिजे.

याचा अर्थ डॉक्टर बरे करण्याची हमी देतो, असा मात्र नव्हे. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असे कायदा मानीत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केले. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे 1995 च्या निकालाने ठरले आहे. दवाखान्याची मोडतोड करणाऱ्यांनी हा सरळ मार्ग ध्यानात घ्यावा. भयभीत डॉक्टर अवघड रोगी हाती घेण्याऐवजी कल्याण-मुंबईकडे धाडू लागला, तर अपरात्री हाल आपलेच होतात.

आता गुपिताविषयी. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रोग्याची माहिती बाहेर फोडणे हे गैरवर्तन आहे. न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळविणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच त्याला अपवाद. न्यायालयात मात्र वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याचा जो अधिकार आहे, तसा डॉक्टरला नाही. न्यायाधीशांनी विचारल्यास त्याला बोलावेच लागते. एच.आय.व्ही.च्या बाबतीत 2017 च्या कायद्याने पहारा अधिक कडक केला आहे. जोडीदाराला खरोखर धोका असेल, रोग्याला समजावूनही तो सांगणार नाही असे दिसत असेल, तरच डॉक्टरने सांगावे. आणि तेही रोग्याला आधी तशी कल्पना देऊन.

गुपित जगापासून राखावयाचे, रोग्यापासून नव्हे. आपल्या केसपेपरची प्रत मागण्याचा रोग्याला अधिकार आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 1996 साली दिला. आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत ही कागदपत्रे दिली पाहिजेत.

शेवटी आपल्याविषयी. गुपित पुष्कळदा डॉक्टरकडून नव्हे, तर बाकावरच्या माणसाकडून फुटते; आता तर रिपोर्टचे छायाचित्र मोबाईलवरून क्षणात गावभर जाते. डॉक्टरने एकेका रोग्यास आत बोलवावे, दार लोटून घ्यावे, कंपाउंडरलाही तशीच ताकीद द्यावी. आणि आपण? ज्याला गावात अब्रूने राहावयाचे आहे, तो बोभाट्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढतो. त्याचे दुखणे वाढले, तर त्यात थोडा हात आपलाही असतो.