पाद्र्याची टोपी आणि लाखभर वाचक

रहस्यकथा म्हटली की खुनी कोण, हे शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवायचे, अशी आपली समजूत असते. मिलानच्या एमिलिओ दे मार्की यांनी ‘इल काप्पेल्लो देल प्रेते’ म्हणजे ‘पाद्र्याची टोपी’ या कादंबरीत ते सुरुवातीलाच सांगून टाकले. तरीही ती लोकप्रिय झाली. असे का झाले, हे शोधताना मला कादंबरीइतकीच तिची प्रस्तावना महत्त्वाची वाटली.

त्या काळी इटालियन दैनिकांत पानाच्या तळाशी क्रमशः कादंबऱ्या छापत, आणि त्यांत फ्रेंच भाषांतरांचा भरणा असे. सुशिक्षितांच्या लेखी तो हलका माल होता. दे मार्कींनी प्रस्तावनेत आपल्या कादंबरीला सरळ ‘प्रयोग’ म्हटले आहे. वाचकाच्या हीन वृत्तींना न चाळवता देशी लेखक त्याला खिळवून ठेवू शकेल का, हे त्यांना पाहायचे होते. १८८७ साली मिलानच्या ‘इतालिया’त ती हप्त्याहप्त्याने आली, मग ‘कोर्रिएरे दि नापोली’त. १८८८ मध्ये त्रेवेस यांनी पुस्तक काढले. उत्तर आणि दक्षिण टोकांच्या दोन शहरांत, अगदी वेगळ्या प्रकृतीच्या दोन पत्रांत ती वाचली गेली, याचे लेखकाला अप्रूप होते.

कथा नेपल्सची आहे. कर्जात बुडालेला, देव न मानणारा बॅरन सान्ताफुस्का हवेली विकण्याच्या मिषाने पाद्री चिरिल्लोला बोलावतो आणि पैशासाठी त्याचा खून करतो. चिरिल्लो सावकारी करतो. शिवाय लॉटरीचे आकडे अचूक सांगतो, अशी त्याची ख्याती. प्रेत दडते, पण पाद्र्याची नवीकोरी टोपी मागे उरते. तिच्या मागावर बॅरन वेडापिसा होतो. अखेर साक्षीसाठी बोलावले असता तो न्यायाधीशासमोर स्वतःच फुटतो.

येथे गुप्तहेर नाही. पाठलाग करते ती टोपी, म्हणजे खरे तर बॅरनचे मन. ‘मेल्यावर काही नाही’ हे त्याचे तत्त्वज्ञान एका टोपीपुढे टिकत नाही. सद्सद्विवेकाची ही तपासणी मोजक्या रसिकांसाठी राखून न ठेवता दे मार्कींनी ती रोजच्या वर्तमानपत्रात, लाखभर वाचकांपुढे मांडली. सामान्य वाचकाला समज कमी, असे त्यांनी गृहीत धरले नाही. माझ्या मते त्यांचे यश या विश्वासात आहे. ‘लोकांना हेच लागते’ म्हणत सुमार मजकूर छापणाऱ्यांना हा जुना प्रयोग आजही अडचणीचा ठरावा.