सैल सांधे आणि दिवसाची आखणी

समजा, आठवीतली एक मुलगी आहे. दिसायला ठणठणीत. लहानपणी ती अंगठा मनगटाला टेकवून दाखवायची आणि पाहुणे कौतुक करायचे. आता अर्धा पेपर लिहून होतो न होतो तोच तिची बोटं दुखू लागतात. वेणी घालताना हात भरून येतात. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आडवी होते. रक्ताचे आणि एक्स-रेचे रिपोर्ट नॉर्मल येतात, मग घरीदारी एकच शब्द ऐकू येतो, आळस. या मुलीवर त्याहून मोठा अन्याय नाही.

तिच्या शरीरात काय चाललंय ते आधी पाहू. हाडं एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन. काहींच्यात त्याची वीण जन्मापासूनच सैल असते, म्हणून सांधे मर्यादेपलीकडे वाकतात. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र दुखणं, सांधा निसटणं, सततचा थकवा, उभं राहिल्यावर गरगरणं असं सगळं एकत्र येतं. एहलर्स-डॅनलॉस हा अशाच विकारांचा गट. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार आहेत. त्यांतल्या अतिलवचीक प्रकाराचा जनुक अजून सापडलेला नाही, त्यामुळे रक्त तपासून त्याचं निदान होत नाही. डॉक्टर सांधे वाकवून ९ गुणांची बायटन चाचणी करतात, पण ती सांधा किती वाकतो एवढंच सांगते. किती दुखतं, हे त्या मुलीलाच विचारावं लागतं.

अस्थिबंध सैल असले की सांधा सावरायचं काम स्नायूंवर पडतं आणि ते दिवसभर राबत राहतात. शिवाय सांधा नेमका कुठल्या स्थितीत आहे याची मेंदूला मिळणारी खबरही अनेकांच्यात अंधुक असते. म्हणून ही मुलं पेन गरजेपेक्षा घट्ट आवळतात. थकवा येतो तो इथून.

इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट उपयोगी पडतो. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. भारतातलं या विषयाचं पहिलं विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं. नावातल्या ‘ऑक्युपेशन’चा अर्थ नोकरी-धंदा एवढाच नाही. आंघोळ, अभ्यास, खेळ, मैत्रिणींबरोबर हिंडणं, म्हणजे माणसाचा दिवस ज्यानं भरतो ते सगळं त्यात येतं. त्यामुळे पहिल्या भेटीत ‘कुठे दुखतं’ याच्या जोडीला ‘काल सकाळपासून काय काय केलंस?’ हेही विचारलं जातं. त्यातून जमायला हवीत अशी चार-पाच कामं मुलगी स्वतः निवडते. ती कितपत जमतात आणि त्यात समाधान किती, याला ती १ ते १० गुण देते. काही आठवड्यांनी पुन्हा तेच गुण विचारतात. आईला अक्षर महत्त्वाचं वाटत असेल आणि मुलीला कथ्थकचा तास, तर यादीत तासच वर जातो. मला ही या पद्धतीची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

आता लिहिणं घेऊ. थेरपिस्ट आधी तिला लिहिताना नुसतं पाहतो. पाय लोंबकळताहेत का? कोपराला टेकू आहे का? कुठलं बोट उलटं वाकतंय? पाय टेकत नसतील तर पायाखाली पाट येतो, वहीखाली तिरपी फळी. बारीक, जोर लावावा लागणारं पेन जाऊन जाड पकडीचं, सहज सरकणारं पेन येतं. बोटाचा मधला सांधा मागे मोडत असेल तर इंग्रजी आठच्या आकाराची अंगठीसारखी पट्टी मिळते. तिच्यामुळे बोट पुढे वाकतं, मागे जात नाही. ती कधी आणि किती वेळ घालायची हे थेरपिस्ट ठरवतो, कारण स्नायूंनाही काम मिळायला हवं. घरातल्या कामांनाही हाच न्याय लागू होतो. भार लहान सांध्यावरून मोठ्यावर न्यायचा. पिशवी बोटांत न लटकवता खांद्यावर घ्यायची, बादली अर्धी भरून दोन खेपा करायच्या.

सगळ्यात अवघड भाग दिवसाच्या आखणीचा. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेलं सगळं उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, या चक्रात मुलं अडकतात. त्यावर उपाय म्हणजे आठवडाभराची वही. काय केलं, किती वेळ केलं, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, हे त्यात लिहायचं. त्यावरून वाईट दिवशीही झेपेल एवढं माप सापडतं. ते २० मिनिटं निघालं तर २० मिनिटांनी थांबायचं, त्रास होत नसला तरी. मग पाठ टेकून विसावा. माप हळूहळू वाढवायचं, पण श्रमानंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळत असेल तर वाढवायची घाई करायची नाही. उलट, पूर्ण विश्रांतीही घातक. स्नायू दुबळे होतात आणि सांध्यांचा उरलासुरला आधारही जातो.

उभं राहिल्यावर नाडी फार वाढत असेल तर त्याचं निदान डॉक्टरांनी करावं. पाणी-मिठाचं प्रमाणही त्यांनीच सांगावं. थेरपिस्ट आंघोळीला स्टूल सुचवतो आणि प्रार्थनेला बसू द्या, असं पत्र शाळेला देतो.

परीक्षेचं मात्र आधीच पाहा. लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितलं आहे. तरीही परीक्षा मंडळांचे आपापले नियम आणि मुदती असतात. म्हणून डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि थेरपिस्टचा अहवाल घेऊन वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत जा.

आणि एक विनंती. पाहुण्यांसमोर ‘अंगठा वाकवून दाखव गं’ असं या मुलांना पुन्हा कधीही सांगू नका.