घरचा पहारा, भाग ६ : प्रोसेसर दमतो तो कशाने?

नाशिकमधल्या घरांवरच्या कॅमेऱ्यांकडे गेल्या काही वर्षांत चोराखेरीज आणखी एक काम आलं आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी तर एकाच दिवशी सिडकोतल्या सावतानगरात आणि गोविंदनगरात असे दोन बिबटे निघाले. दारणाकाठच्या गावांची धास्ती याहून जुनी आहे. ‘बिबट्या दिसला’ असा एका कॉलनीत बोभाटा झाला, की खरं-खोटं करण्यासाठी आसपासच्या बंगल्यांचं फुटेज बघितलं जातं. कंपाउंडवरून उडी मारून दिसेनासा व्हायला त्या जनावराला दोन-तीन सेकंद पुरतात. नेमके तेच सेकंद फुटेजमध्ये नसले, चित्र थिजून एकदम पुढे गेलं, तर कॅमेरे असून नसल्यासारखेच.

चित्र थिजलं की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो, मग वायरीवर, मग वायफायवर. मागच्या भागात ऑफिसातून निघालेल्या जुन्या संगणकावर आपण रेकॉर्डिंगचा सर्व्हर उभा केला. अशा सर्व्हरवर मात्र सगळ्यात आधी प्रोसेसर बघावा. त्याचा आकडा ९५-१०० टक्क्यांवर अडकला असेल, तर येणाऱ्या फ्रेम हाताळायला त्याला वेळच उरत नाही आणि त्या गळून पडतात.

अशा वेळी दुकानात जाऊन दुप्पट ताकदीचं मशीन आणायचा मोह होतो. बहुतेक वेळा तो आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार ठरतो. प्रोसेसर कमकुवत नसतो, त्याच्यावर नको ती कामं लादलेली असतात. ती कोणती, हे शोधणं हाच या भागाचा विषय.

आधी हिशोब

आजकालचा साधा ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा २५६० बाय १४४० ठिपक्यांचं चित्र देतो. म्हणजे एका फ्रेममध्ये ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका कॅमेऱ्याचे दर सेकंदाला सव्वानऊ कोटी ठिपके होतात. सहा कॅमेरे असतील तर पंचावन्न कोटी. कॅमेरा हे सगळं दाबून, छोटं करून पाठवतो, म्हणून ते वायरीतून सहज येतं. पण चित्रात काय हललं हे सर्व्हरला बघायचं असेल, तर त्याला ते आधी उलगडावं लागतं. या उलगडण्याला डिकोडिंग म्हणतात, आणि प्रोसेसरचा घाम इथेच निघतो.

नुसतं साठवायचं असेल तर उलगडायची गरजच नाही. आलेलं सीलबंद पाकीट न फोडता कपाटात ठेवावं, तसा आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहिता येतो. झोनमाइंडर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये याला पासथ्रू म्हणतात, ब्लू आयरिसमध्ये डायरेक्ट टू डिस्क. फ्रिगेट मुळातच तसं रेकॉर्डिंग करतं. हे सेटिंग बंद असेल, तर सर्व्हर प्रत्येक चित्र उलगडतो आणि पुन्हा दाबून साठवतो. हे दुसऱ्यांदा दाबणं उलगडण्यापेक्षाही जड असतं. चित्रावर तारीख-वेळ सर्व्हरकडून छापून घेतली, तरी हीच दुहेरी मेहनत पडते. ती तारीख कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमधून छापावी.

ठाव कसा घ्यायचा

लिनक्सवर ‘टॉप’ किंवा ‘एचटॉप’ ही आज्ञा चालवा. दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, टॉपमध्ये १०० टक्के म्हणजे एक कोअर. चार कोअरच्या मशीनवर एखाद्या प्रोग्रामपुढे १८० दिसले तर घाबरू नका, एकूण मर्यादा ४०० आहे. दुसरी, वर दिसणारा ‘लोड ॲव्हरेज’ म्हणजे फक्त प्रोसेसरचा भार नव्हे. लिनक्स त्यात डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही मोजतं. लोड चढलेला, प्रोसेसर मात्र बराचसा रिकामा आणि ‘डब्ल्यूए’ हा आकडा मोठा, असं दिसलं तर दुखणं डिस्कचं आहे. तिथे प्रोसेसर बदलून काडीचाही फरक पडणार नाही.

यादीत सगळ्यात वर एफएफएमपेग या चित्र उलगडणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी एकाखाली एक दिसत असतील, तर भार उलगडण्याचा आहे. वर ओळखीचं, म्हणजे वस्तू ओळखणाऱ्या भागाचं नाव असेल, तर तो भार वेगळा आणि त्याचा उपायही वेगळा. मग एकेक कॅमेरा पाच मिनिटं बंद करा आणि आकडा किती उतरतो ते कागदावर लिहा. बहुतेकदा सगळे कॅमेरे सारखे दोषी नसतात. एखादाच इतरांच्या तिप्पट खात असतो.

एका जुन्या मशीनची गोष्ट

इंदिरानगरमधल्या एका ओळखीच्या घरी असंच झालं. मशीन इंटेल आय-फाइव्ह, चौथ्या पिढीचं. कॅमेरे नवे, सगळे एच-२६५ वर लावलेले. टॉप उघडलं तर वरच्या साऱ्या ओळी एफएफएमपेगच्या. घरातल्या मुलाने हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं होतं, तरी आकडा हलत नव्हता.

कारण पिढीत दडलं होतं. उलगडण्याचं काम करणारा वेगळा भाग इंटेलने २०११ पासून प्रोसेसरमध्येच द्यायला सुरुवात केली. त्याचं नाव क्विक सिंक. पण तो भाग आपल्या काळातल्याच भाषा जाणतो. एच-२६४ हे मानक २००३ चं, ते त्याला पहिल्यापासून येतं. एच-२६५ आलं २०१३ साली, आणि ते पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलच्या सहाव्या पिढीपासून मिळाली. त्यामुळे चौथ्या पिढीच्या त्या मशीनवर सगळं ओझं पुन्हा साध्या कोअरवरच येत होतं. पिढी ओळखणं सोपं आहे : मॉडेल ४५७० असेल तर चौथी, ६५०० असेल तर सहावी.

कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन एच-२६५ ऐवजी एच-२६४ निवडलं आणि मशीनचा पंखा काही मिनिटांत शांत झाला. याची किंमत डिस्कने मोजली. तेवढ्याच दर्जाच्या चित्राला एच-२६४ साधारण दुप्पट जागा घेतं. त्या घरात डिस्क मोठी होती, म्हणून सौदा परवडला. रास्पबेरी पायवर मात्र उलटं होऊ शकतं. पाय-५ मध्ये एच-२६५ उलगडणारं हार्डवेअर आहे, एच-२६४ चं काढून टाकलं आहे. म्हणून आपल्या मशीनला कोणती भाषा येते ते आधी बघावं. इंटेलच्या लिनक्स मशीनवर ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा त्याची यादी देते. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख असतो. तो शून्यावर झोपलेला असेल, तर हार्डवेअर वापरात नाही असं समजावं. सर्व्हर डॉकरमध्ये चालत असेल, तर ग्राफिक्सचं उपकरण कंटेनरला दिलंय का, हेही तपासा. ते राहून गेल्याची उदाहरणं खूप सापडतात.

दुसरा प्रवाह वापरा

सगळ्यात मोठी बचत मात्र इथे आहे. जवळजवळ प्रत्येक आयपी कॅमेरा दोन प्रवाह देतो : मोठ्या चित्राचा मेन स्ट्रीम आणि छोट्या चित्राचा सब स्ट्रीम. रेकॉर्डिंग मेन स्ट्रीमचं करावं, न उलगडता. हालचाल मात्र सब स्ट्रीमवर बघावी. ६४० बाय ३६० चं चित्र आणि सेकंदाला ५ फ्रेम धरल्या, तर ठिपके होतात साडेअकरा लाख. वरच्या सव्वानऊ कोटींच्या बरोबर ऐंशीव्या हिश्श्याइतके! फ्रिगेटही ओळखीसाठी ५ फ्रेमच सुचवतं. दोन सेकंदांच्या उडीतही त्यातून दहा चित्रं मिळतात.

फ्रेमची संख्या कॅमेऱ्यातच कमी करा. झोनमाइंडरमध्ये नेटवर्क कॅमेऱ्यासाठी कमाल फ्रेमचा आकडा भरला, तर कॅमेरा पाठवत राहतो, सर्व्हर मागे पडत जातो आणि चित्र तुंबतं.

इथे एक सावधगिरी हवी. २५६० ठिपक्यांची रुंदी ६४० वर आणली की प्रत्येक गोष्ट चौथ्या हिश्श्याची होते. लांबच्या कुंपणावरचं जनावर मोठ्या चित्रात ८० ठिपक्यांचं असेल, तर छोट्यात २० चं उरतं आणि ओळख चुकते. म्हणून दारापाशी छोटा प्रवाह चालेल, पण मळ्याकडे किंवा नदीकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला १२८० बाय ७२० चा मधला प्रवाह द्यावा. बचत सगळीकडे सारखी करायची नसते.

रात्र आणि पावसाळा

दुपारी ३० टक्के आणि रात्री ९० टक्के, असं दिसलं तर कारण अंगणातच शोधा. अंधारात कॅमेरा चित्र उजळण्यासाठी संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रभर बारीक दाणे नाचू लागतात. सर्व्हरला ती हालचाल वाटते. लेन्सजवळून उडणारे किडे इन्फ्रारेडच्या उजेडात पांढऱ्या रेघोट्या उमटवतात. लेन्सच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर ते रात्रभर हलतं. पावसाच्या धारा, हायवेवरच्या गाड्यांचे दिवे, गच्चीवरचा भगवा झेंडा, सगळ्यांचीच नोंद होते. प्रत्येक हालचालीमागे वस्तू ओळखणारा भाग जागा होतो, आणि तो प्रोसेसरवरच चालत असेल तर मशीन झोपतं.

उपाय साधे आहेत. महिन्यातून एकदा लेन्स आणि भोवतालची जाळी पुसा. झाडाचा शेंडा, झेंडा, रस्ता आणि चित्रावर छापलेलं घड्याळ मास्कने झाका. ते घड्याळ दर सेकंदाला बदलतं, म्हणून तीही हालचालच ठरते. पण मास्क आखताना कंपाउंडची भिंत झाकली जाणार नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघा, जनावर तिथूनच येतं. ओळखीचं काम प्रोसेसरवरून हलवता येतं. इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स ओपनव्हिनोमार्फत ते करू शकतं. गुगलची कोरल ही छोटी काडी दोन वॅटच्या आसपास विजेत सेकंदाला ४ लाख कोटी क्रिया करते.

उरलेल्या तीन जागा

स्वयंपाकघरातल्या टॅबवर दिवसभर सहा चौकटी उघड्या असतात का ते बघा. काही सर्व्हर प्रत्येक चौकटीसाठी चित्र नव्याने बनवतात. तिथे सब स्ट्रीम लावा.

मशीन कुठे ठेवलंय तेही बघा. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर, धुळीने भरलेल्या पंख्यासह चालणारा प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. काम तेवढंच, वेग कमी, म्हणून टक्के वाढतात.

आणि टॉपमध्ये अनोळखी नावाचा प्रोग्राम सतत वर दिसला, तर तो हलक्यात घेऊ नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने मूळचे पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले होते. राउटरमधून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडला असेल, तर आधी तो मार्ग बंद करा, पासवर्ड बदला, मग पुढचं बघा.

किती आकडा चांगला?

निवांत दुपारी प्रोसेसर ४०-५० टक्क्यांच्या आत असावा. उरलेली ताकद पावसाळी रात्रीसाठी राखीव आहे. एका वेळी एकच बदल करा, आकडा लिहा, मग दुसरा करा. शेवटची परीक्षा आकड्याची नाही, फुटेजची. रात्री अकराच्या सुमारास घरातल्या कुणाला तरी फाटकातून अंगणापर्यंत पळत जायला सांगा आणि ते फुटेज फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत बघा. पळणारा माणूस एकाही जागी गायब न होता सलग दिसला, तर तुमचा सर्व्हर कामाला लायक आहे. तसा दिसला नाही, तर दुकानात जाण्याआधी पुन्हा एकदा पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करा.

पुढच्या आठवड्यात डिस्कचा हिशोब : किती दिवसांचं फुटेज ठेवावं आणि त्याला किती जागा लागते.